लेखनिकेचे अभिज्ञान : ‘वर्किंग गर्ल’ आणि कचेरीतील प्रणयसुखात्मिका

माइक निकल्स दिग्दर्शित ‘वर्किंग गर्ल’ (१९८८) या चित्रपटाची चर्चा आजवर बहुधा दोन ठरीव रुळांवरून होत आली आहे. एका पक्षाच्या मते ही सिंड्रेलाचीच कथा असून काचेच्या पादत्राणाच्या जागी वॉल स्ट्रीटवरची कचेरी आली, एवढाच तिच्यातील बदल. दुसऱ्या पक्षाच्या मते हा चित्रपट म्हणजे रेगनकालीन यशोवादाचे गोंडस समर्थन : होतकरू व्यक्तीला व्यवस्थेत वर जाता येते, तेव्हा व्यवस्थेविषयी तक्रार करण्याचे कारण उरत नाही. दोन्ही वाचनांत तथ्य आहे. परंतु या कथेत नेमके काय पणाला लागले आहे, हा अगदी प्राथमिक प्रश्न दोन्ही पक्ष विचारीत नाहीत. पणाला लागतो तो प्रियकर नव्हे. तो तर जवळजवळ अनायास मिळतो. पैसाही नव्हे, शेवटी नायिकेच्या पदरात पडते ती अगदी खालच्या पायरीवरची अधिकारपदाची नोकरी. पणाला लागते ती एका कल्पनेची मालकी. दुसऱ्याचे शब्द टंकलिखित करणे हेच जिचे काम, अशा स्त्रीला सुचलेली गोष्ट तिची म्हणून मान्य होणार की नाही, या प्रश्नावर सारे कथानक तोललेले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. तो कर्तृत्वाचा प्रश्न आहे.

म्हणून प्रस्तुत निबंधात या चित्रपटाकडे कचेरीतल्या स्त्रीच्या प्रणयसुखात्मिकेचा एक टप्पा म्हणून, आणि त्याहून अधिक लेखनिक व कर्ता यांच्या जुन्या द्वंद्वाची एक आवृत्ती म्हणून पाहायचे आहे. आपल्या परंपरेत या द्वंद्वाची आदिकथा सर्वांना ठाऊक आहे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे. पण गणपतीने अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून अक्षर लिहायचे नाही. या दुसऱ्या अटीत लेखनिकाची सारी प्रतिष्ठा सामावलेली आहे. लिहिणारा समजून लिहितो, हे तेथे करारातच मान्य झाले आहे. आधुनिक कचेरीने नेमकी हीच अट काढून टाकली.

टंकलेखनयंत्र अमेरिकेच्या बाजारात आले ते १८७४ साली, बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या कारखान्यातून. पुढच्या काही दशकांत कारकुनी हे पुरुषांचे काम न राहता स्त्रियांचे झाले, आणि इंग्रजीत ‘टाइपरायटर’ हा एकच शब्द यंत्रासाठी आणि यंत्रापुढे बसणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जाऊ लागला. फ्रीड्रिख किटलर या जर्मन अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या योगायोगाचा मार्मिक ऊहापोह केला आहे. पूर्वीचा कारकून पुढेमागे मालकाच्या खुर्चीत बसण्याची उमेद बाळगू शकत होता. कारकुनी ही त्याची उमेदवारी होती. टंकलेखिकेची कारकुनी ही उमेदवारी नव्हती, ती तिची अंतिम जागा होती. तेथून बाहेर पडण्याचा एकच राजमान्य मार्ग होता, तो म्हणजे विवाह. कचेरीतील प्रणयकथेचा उगम या दोन वस्तुस्थितींच्या सांध्यावर आहे. वर जाण्याची शिडी काढून घेतली, आणि दाराशी वरमाला ठेवली.

हॉलीवूडने ही शिडी प्रथम दाखवली ती मोठ्या बेमुर्वतपणे. १९३३ सालच्या ‘बेबी फेस’मध्ये बार्बरा स्टॅनविकने रंगवलेली तरुणी एका बँकेत शिरते आणि एकेका पुरुषाच्या खांद्यावर पाय देत वरच्या खात्यात जाते. प्रत्येक पायरीगणिक कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकतो. गगनचुंबी इमारत हीच अधिकाराची उतरंड, हे चिन्ह इतक्या उघडपणे तोवर क्वचितच योजले गेले असेल. ‘वर्किंग गर्ल’च्या अखेरच्या दृश्यात हीच इमारत पुन्हा भेटणार आहे, म्हणून तिची नोंद येथे करून ठेवायची. त्याच वर्षीच्या ‘फीमेल’ या चित्रपटात मोटार कारखान्याची सर्वाधिकारी असलेली नायिका अखेरीस कारखाना प्रियकराच्या हवाली करते आणि आपण नऊ मुले होऊ देणार असल्याचे जाहीर करते. हा शेवट लिहिणाऱ्यांनी तो हसत लिहिला की गंभीरपणे, हे ठरवणे कठीण आहे, बहुधा दोन्ही. १९३४ पासून निर्मितिसंहितेची अंमलबजावणी कडक झाली आणि ‘बेबी फेस’सारख्या कथा अशक्य झाल्या. त्या चित्रपटाची कात्री लागण्यापूर्वीची प्रत तर २००४ सालीच पुन्हा हाती आली.

संहितेने देहव्यवहार पडद्याआड ढकलला. त्याची जागा संभाषणाने घेतली. या काळातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०). बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या ‘द फ्रंट पेज’ (१९२८) या नाटकातील बातमीदार हिल्डी जॉन्सन हा पुरुष होता. हॉक्सने त्याची स्त्री केली आणि संपादकाला तिचा घटस्फोटित पती बनवले. एवढ्या एका बदलाने व्यवसायनिष्ठा आणि प्रेम या दोन गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की वेगळ्या करता येऊ नयेत. स्टॅन्ली कॅव्हेलने १९८१ साली ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ हा जो उपप्रकार सिद्ध केला, त्यातील सात चित्रपटांत याचा समावेश आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की रोझलिंड रसेलची हिल्डी लेखनिका नाही; ती लेखिका आहे. ती यंत्रापुढे बसते तेव्हा शब्द तिचे असतात, आणि तिच्याइतके चांगले लिहिणारे त्या खोलीत कोणी नाही हे सर्व पुरुष जाणून असतात. तिचे कर्तृत्व निर्विवाद आहे. वाद आहे तो तिने गृहिणी व्हावे की नाही एवढाच. तरीही चित्रपट संपतो तो वॉल्टर पुढे चालतो आहे आणि हिल्डी आपली बॅग स्वतः उचलून मागून जाते आहे, या चित्रावर. हॉक्स भाबडा नव्हता.

यानंतरच्या दोन दशकांचा प्रवास लवकर आटोपता येईल. ‘वुमन ऑफ द इयर’ (१९४२) मध्ये कॅथरिन हेपबर्नची कीर्तिमान स्तंभलेखिका शेवटी स्वयंपाकघरात न्याहारी करण्याच्या खटपटीत फजीत होते. हा शेवट मूळ पटकथेत नव्हता, तो नंतर बदलून चित्रित केला गेला. ‘डेस्क सेट’ (१९५७) मध्ये तीच अभिनेत्री एका दूरचित्रवाणी कंपनीच्या संदर्भविभागाची प्रमुख आहे आणि संगणकाशी स्मरणशक्तीची स्पर्धा करते. बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’मध्ये (१९६०) वर जाण्याची धडपड पुरुषाची आहे, स्त्री लिफ्ट चालवते. ती दिवसभर लोकांना वर नेते आणि स्वतः तळमजल्यावर परत येते. या प्रतिमेवर भाष्य करण्याची गरज नाही.

खरा खंड पडतो तो १९८० साली. कॉलिन हिगिन्सच्या ‘नाइन टु फाइव्ह’मध्ये तिघी कर्मचारी स्त्रिया जुलमी वरिष्ठाला त्याच्याच घरात डांबून ठेवतात आणि त्याच्या सहीने कचेरी चालवतात. लवचिक वेळा, पाळणाघर, समान वेतन अशा सुधारणा त्या अमलात आणतात आणि काम वाढते. या चित्रपटामागे बॉस्टन शहरात १९७३ पासून चाललेली, त्याच नावाची, कचेरीतील स्त्रियांची संघटना उभी होती. येथे प्रणयकथेला जवळजवळ जागाच नाही. सुखात्मिकेचा आनंद मैत्रीतून येतो. लेखनिकांनी मालकाची सही हस्तगत केली, हेही विसरता कामा नये. मालकाच्या नावाने त्यांचेच विचार फिरतात, आणि ते अधिक चांगले असतात. कर्तृत्वाची चोरी येथे सामुदायिक आहे आणि तिचा लाभही सामुदायिक.

‘नाइन टु फाइव्ह’ आणि ‘वर्किंग गर्ल’ यांच्यात अवघ्या आठ वर्षांचे अंतर आहे, पण मधल्या काळात बरेच काही घडून गेले. ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढले. ३० जून १९८२ रोजी स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांच्या मान्यतेअभावी बारगळली. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. ‘बेबी बूम’ने (१९८७) कर्तबगार व्यवस्थापिकेच्या मांडीवर अचानक मूल ठेवून तिला व्हर्मांटच्या खेड्यात धाडले. सुझन फलूडी यांनी १९९१ साली या उलट्या लाटेचा जो पंचनामा केला त्यात हा चित्रपट अग्रस्थानी आहे, आणि ते योग्यच आहे. सामुदायिकतेची भाषा संपली होती आणि माघारीची भाषा प्रतिष्ठित होत होती, अशा वेळी केविन वेडने लिहिलेली नायिका माघार घेत नाही, हे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे. मात्र ती एकटीच पुढे जाते.

चित्रपटाचा आरंभ स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती आकाशातून घातलेल्या प्रदक्षिणेने होतो. तेथून कॅमेरा खाली उतरतो तो स्टॅटन आयलंडहून मॅनहॅटनकडे निघालेल्या बोटीवर, आणि बोटीत टेस मॅकगिल व तिची मैत्रीण सिन बसलेल्या दिसतात. निकल्स स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला. १९३९ साली वयाच्या आठव्या वर्षाच्या आगेमागे तो समुद्रमार्गे याच बंदरात उतरला होता. आगंतुकाची नजर त्याला कल्पनेने आणावी लागली नसावी. टेस त्याच शहराची रहिवासी, पण रोज सकाळी ती परदेशात प्रवेश करावा तशी मॅनहॅटनमध्ये प्रवेश करते. तिच्याजवळ परवाना नाही, म्हणजे उच्चार नाही, केशभूषा नाही, नामांकित विद्यापीठाची पदवी नाही. पाच वर्षे रात्रीच्या वर्गांना जाऊन तिने पदवी मिळवली आहे. पण तिची कोणी पदवीत गणना करीत नाही. क्षितिजावर तेव्हा दिसणारे व्यापारकेंद्राचे जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी नाहीसे झाले, त्यामुळे आजच्या प्रेक्षकाला या दृश्याचा उल्हास निर्भेळपणे घेता येत नाही. तो दोष अर्थातच कृतीचा नव्हे.

टेसने स्वतःच्या मनाने लिहिलेला पहिला मजकूर कोणता? या प्रश्नाकडे टीकाकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिचा वरिष्ठ तिला बढतीच्या मुलाखतीचे आमिष दाखवून एका सहकाऱ्याकडे धाडतो. मुलाखत गाडीत, मद्य आणि मादक द्रव्याच्या संगतीत होते, आणि त्या सहकाऱ्याला अभिप्रेत असलेले काम वेगळेच असते. टेस भर रस्त्यात गाडीतून उतरते. दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या यंत्रावर बसून, जेथे शेअरचे भाव सरकत असतात त्या फलकावर, वरिष्ठ हा दलाल आहे अशी अत्यंत अशिष्ट शब्दांतील घोषणा सोडते. बाजारभावांच्या प्रवाहात एक खरे वाक्य वाहत जाते. सारी कचेरी ते वाचते. टेसला खाते सोडावे लागते. हे तिचे पहिले प्रकाशित लेखन. ते तिला महागात पडते, परंतु यंत्रावर दुसऱ्याचे अंक उमटवणारी बोटे स्वतःचे वाक्य उमटवू शकतात, हे तिला आणि आपल्याला येथे प्रथम कळते. इंग्रजी बोलीभाषेत चित्रपटाच्या शीर्षकाचा एक अर्थ ‘धंदा करणारी बाई’ असाही होतो. त्या श्लेषाची फेड या प्रसंगात आहे. वरिष्ठाने तिचा तसा अर्थ लावला. तिने तो अर्थ सर्वांसमक्ष त्याच्यावर उलटवला.

यानंतर कॅथरिन पार्कर येते. ती टेसहून काही दिवसांनी लहान, सुशिक्षित, आत्मविश्वासाने ओतप्रोत, आणि स्त्रीवादाची भाषा सफाईने बोलणारी आहे. आपण दोघी मिळून काम करू, तुझ्या कल्पना माझ्याकडे आण, असे ती सांगते. टेस कल्पना नेते. ट्रास्क इंडस्ट्रीजवर जपानी कंपनी कब्जा करू पाहते आहे. प्रसारणक्षेत्रात परकीय मालकीला कायद्याची मर्यादा आहे. म्हणून ट्रास्क दूरचित्रवाणी केंद्र घेऊ पाहतो. टेसचे म्हणणे असे की दूरचित्रवाणी सोडा, नभोवाणी घ्या. कॅथरिन म्हणते की कल्पना चालली नाही. पुढे बर्फावर घसरण्याच्या खेळात तिचा पाय मोडतो, टेस तिचे घर सांभाळायला जाते, आणि तेथे तिला ती कल्पना कॅथरिनच्या नावावर चढलेली आढळते. त्याच रात्री प्रियकर मिकही दुसऱ्या स्त्रीबरोबर सापडतो. पटकथेने दोन विश्वासघात एका रात्रीत बसवले ते केवळ वेगासाठी नव्हे. चित्रपटाच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे आहेत आणि टेसला अधिक जिव्हारी लागतो तो पहिला.

आता जो रूपांतराचा भाग सुरू होतो त्याला ‘पिग्मॅलियन’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या शॉच्या या नाटकाने उच्चार म्हणजे वर्ग हे समीकरण सर्वांच्या गळी उतरवले. ‘ती फुलराणी’ (१९७५) ज्यांनी पाहिले वा वाचले त्यांना पु. ल. देशपांडे यांनी हे समीकरण मराठी बोलींच्या उतरंडीत कसे बसवले हे ठाऊक आहे. पण येथे एक मूलभूत फरक आहे. शॉच्या एलायझाला शिकवणारा समोर असतो. ती त्याची निर्मिती आहे असा त्याचा दावा असतो. टेसला शिकवायला कोणी नाही. कॅथरिनने मजकूर सांगून ठेवलेली ध्वनिफीत लावून, तिच्यामागोमाग एकेक वाक्य उच्चारीत ती तो आवाज आत्मसात करते. ज्या साधनाने लेखनिकेला राबवायचे तेच साधन तिची शाळा बनते. हे शिक्षण पिग्मॅलियनचे नव्हे. ते एकलव्याचे आहे. गुरू अनुपस्थित, त्याची प्रतिमा पुढे, विद्या चोरून घेतलेली. गुरू परत येते तेव्हा अंगठा मागते, हेही ओघानेच आले. फक्त येथे आधी गुरूचाच पाय मोडला आहे, ही सुखात्मिकेने केलेली तडजोड.

अर्थात चोरून विद्या घेणारी टेस कॅथरिनचे कपडे, घर आणि पदही उसने घेते. ती खोटे बोलते. जॅक ट्रेनरला, ट्रास्कला, सर्वांना. चित्रपट तिच्या खोटेपणाकडे कानाडोळा करतो आणि कॅथरिनच्या खोटेपणाला शासन करतो, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. कॅथरिन कर्ता नसून कर्ता असल्याचे सोंग करते. टेस कर्ता असून कोणी ऐकावे म्हणून वरिष्ठ असल्याचे सोंग करते. एकीची सही खोटी, दुसरीचा हुद्दा खोटा. नैतिक तोल येथे नेमका साधला आहे असे मला वाटते.

नेमका न साधलेला तोल अन्यत्र आहे, तो कॅमेऱ्याच्या वागणुकीत. जॅक आपल्या काचेच्या खोलीत सदरा बदलतो आणि बाहेरच्या स्त्रिया टाळ्या वाजवतात. लॉरा मल्व्हीने १९७५ साली ज्या पुरुषी दृष्टीचे विश्लेषण केले तिची ही खेळकर उलटापालट आहे. परंतु हाच कॅमेरा टेसला अंतर्वस्त्रांत केर काढताना दाखवतो तेव्हा टाळ्या वाजवणारे कोणी चौकटीत नसते. ती जागा प्रेक्षकासाठी राखून ठेवली आहे.

कॅथरिनविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण चित्रपटाची खरी किंमत तिने चुकवली आहे. नॉर्थ्रप फ्राय यांच्या परिभाषेत ती सुखात्मिकेतील अडथळा आणणारी व्यक्तिरेखा. जुन्या नाटकांत ही जागा हट्टी बापाची असे. अडथळा दूर झाला की नवा समाज जुळून येतो, आणि सहृदय सुखात्मिका अडथळा आणणाऱ्यालाही पंगतीत बसवते. येथे हट्टी बाप कोण असायला हवा होता? वास्तविक तो ट्रास्क, किंवा ज्यांनी टेसला त्या गाडीत बसवले ते पुरुष. पटकथेने अडथळ्याची जागा स्त्रीला दिली आणि बापाची जागा उपकारकर्त्यासाठी मोकळी केली. पुरुष अपराधी पूर्वार्धातच विसरले जातात. शेवटी अपमानित होऊन, तिच्या शरीरावरून टोमणा ऐकून बाहेर पडते ती एकटी कॅथरिन. सिगर्नी वीव्हरने ही भूमिका इतक्या चैनीने केली आहे की पाहताना हे खटकत नाही. नंतर खटकते.

या बाबतीत चित्रपटाच्या शेजारी एक न्यायालयीन संहिता ठेवून वाचणे उद्बोधक ठरेल. अॅन हॉपकिन्स या प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण संस्थेत काम करीत. १९८२ साली भागीदारीसाठी ८८ जणांची नावे पुढे आली, त्यांत स्त्री त्या एकट्या होत्या. संस्थेच्या ६६२ भागीदारांत स्त्रिया सात. त्यांची भागीदारी लांबणीवर टाकली गेली, आणि पुन्हा प्रयत्न करायचा तर चालणे, बोलणे, पेहराव अधिक स्त्रीसुलभ असावा, प्रसाधन करावे, केशरचना करून घ्यावी, दागिने घालावेत, असा सल्ला त्यांना मिळाला. १ मे १९८९ रोजी, म्हणजे ‘वर्किंग गर्ल’ प्रदर्शित झाल्यावर चारेक महिन्यांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साचेबंद अपेक्षा म्हणजे लिंगभेदच असा निर्वाळा दिला. चित्रपटात टेसला केस कापून घ्यावे लागतात, कारण तिचे केस गंभीरपणे घेण्याजोगे नाहीत. हॉपकिन्स यांना केस करून घ्यायला सांगितले गेले, कारण त्या पुरेशा स्त्रीसारख्या दिसत नव्हत्या. एकीने कमी स्त्री व्हायचे, दुसरीने अधिक. टेस दोन्ही गोष्टी साधते, आणि मेलनी ग्रिफिथच्या त्या कोवळ्या, किंचित श्वास लागलेल्या आवाजाचे प्रयोजन येथे लक्षात येते. तिच्या महत्त्वाकांक्षेला तो आवाज क्षमा मिळवून देतो. कॅथरिनला ती क्षमा नाही. तिचे सामर्थ्य मृदू आवाजात गुंडाळलेले नाही, आणि चित्रपटाला ते सहन होत नाही.

चोरीचा आरोप टेसवरच येतो. कॅथरिन कुबड्यांवर सभागृहात शिरते, ही माझी लेखनिका आहे असे सांगते, आणि तेवढे एक वाक्य पुरेसे ठरते. लेखनिका म्हटल्यावर पुढचा पुरावा कोणी मागत नाही. उकल होते ती लिफ्टच्या दाराशी. कल्पना कशी सुचली, असे ट्रास्क विचारतो. टेस वृत्तपत्रांतली दोन कात्रणे पुढे करते, एक व्यापारविषयक, दुसरे समाजवार्तांच्या सदरातले. दोन्ही शेजारी वाचली तेव्हा नभोवाणीचा विचार आला, असे ती सांगते. तोच प्रश्न कॅथरिनला विचारल्यावर तिला उत्तर देता येत नाही. शकुंतलेची अंगठी जे करते ते येथे ही कात्रणे करतात. हे अभिज्ञानच आहे. फरक असा की अंगठी राजाने दिलेली असते, कात्रण टेसने स्वतः कापलेले आहे. कर्तृत्व म्हणजे काय, याची चित्रपटाने दिलेली व्याख्या मोठी विचार करण्यासारखी आहे. कर्ता तो, ज्याला आपल्या विचाराची वाट उलट पावली चालून दाखवता येते. आणि ती वाट कोणत्या वाचनातून गेली? उच्चभ्रू अर्थशास्त्रातून नव्हे, बोटीवर आणि लिफ्टमध्ये चाळल्या जाणाऱ्या, कचेरीतल्या मुलींच्या वाचनातून. कॅथरिनला उत्तर येत नाही कारण ते पान ती वाचत नाही. येथे चित्रपट आपल्या सर्व गोड गोष्टींहून अधिक खरे बोलतो. फक्त निवाडा करणारा पुन्हा एक वृद्ध धनिक आहे, हे गालबोट राहतेच. ‘नाइन टु फाइव्ह’च्या तिघींनी निवाड्यासाठी कोणाचे तोंड पाहिले नव्हते.

जाता जाता, टेसची कल्पना व्यवहारातही दूरदर्शी होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभर किती नभोवाणी केंद्रे एका मालकाकडे असावीत यावरची मर्यादा उठवली, आणि काही वर्षांत एका कंपनीने हजाराहून अधिक केंद्रे गोळा केली. टेसने केंद्राची किंमत ओळखली होती ती स्थानिक निवेदकाच्या श्रोत्यांशी असलेल्या लागेबांध्यावरून. या खरेदीविक्रीत पहिला बळी गेला तो त्या निवेदकाचाच.

पुढील काळात या प्रकाराने दोन दिशा घेतल्या. ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ने (२००६) कॅथरिनची जागा मध्यभागी आणून तिला शोकात्म उंची दिली आणि नायिकेला ती नोकरी सोडायला लावली. ‘द प्रपोजल’ने (२००९) वरिष्ठ स्त्री आणि हाताखालचा पुरुष अशी अदलाबदल केली, पण वरिष्ठ स्त्रीला आधी नमवले. कल्पनेच्या मालकीचा प्रश्न दोहोंत नाही. माझ्या मते तो वगळल्यावर या प्रकारात कपडे आणि शहर उरते.

‘वर्किंग गर्ल’ला ऑस्करची सहा नामांकने मिळाली आणि पारितोषिक मिळाले ते कार्ली सायमनच्या गीताला. ते गीत आरंभी बोटीवर ऐकू येते आणि अखेरच्या दृश्यातही. टेस नव्या कचेरीत येते आणि सवयीने बाहेरच्या, लेखनिकेच्या मेजाशी बसते. आतल्या खोलीत फोनवर बोलणारी स्त्री आपली वरिष्ठ, असा तिचा समज. ती स्त्री बाहेर येऊन सांगते की ती टेसची लेखनिका आहे, आणि आपल्याकडून काय अपेक्षा आहे असे विचारते. टेस म्हणते की मला नावाने हाक मारावी, आणि कॉफी स्वतःसाठी आणायची असेल तरच माझ्यासाठी आणावी. यापुढे काय, ते आपण मिळून ठरवत जाऊ. कॅथरिननेही आरंभी काहीशी अशीच भाषा केली होती, हे पटकथाकार विसरलेला नाही. या नव्या लेखनिकेला उद्या काही सुचले तर काय होईल, हे चित्रपट सांगत नाही. मग टेस सिनला फोन करते. जुन्या कचेरीच्या मोठ्या दालनात सिन आनंदाने ओरडते, ओळीने बसलेल्या बाकीच्या मुली टाळ्या वाजवतात, आणि त्यांतली एकही तेथून हललेली नसते. इकडे कॅमेरा टेसच्या खिडकीतून बाहेर पडून मागे मागे सरकू लागतो. आधी एक खिडकी, मग एक मजला, मग तशाच खिडक्यांची अख्खी भिंत, इतकी की ती नेमकी कोणत्या खिडकीत बसली आहे हे शोधूनही सापडू नये.